एल्क हेअर कॅडिस: पहिली ड्राय फ्लाय बांधायची कशी आणि ट्राउटसमोर सोडायची कशी

कोकणात खाडीवर गरवताना फेकीचं वजन शिशात असतं. शिसं पुढे जातं, मागून तंगूस जातो आणि गरी आमिषासकट तळाला बसते. थंड डोंगरी नद्यांतल्या ट्राउट माशासाठीच्या ड्राय फ्लायमध्ये यातलं काहीच नाही. गरीला आमिष लावत नाहीत, पीस आणि केस बांधून केलेला किडाच गरीवर असतो. शिसं नसतं, जाड दोरीच स्वतःच्या वजनाने हवेतून जाते आणि फ्लायला सोबत नेते. फ्लायने मात्र बुडायचं नाही. तिने पाण्यावर, प्रवाहाच्याच वेगाने, कशालाही बांधलेली नसल्यासारखं वाहत यायचं. बांधणीतला प्रत्येक वेढा आणि फेकीतली प्रत्येक हालचाल एवढ्यासाठीच असते, हे डोक्यात ठेवलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

पहिल्या फ्लायसाठी आम्ही एल्क हेअर कॅडिसच सुचवतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अल ट्रॉथ यांनी ती १९५७ मध्ये बांधली. तिला शेपूट नाही, उभे पंख नाहीत, त्यामुळे नवख्याचा हात जिथे हमखास अडतो ते दोन टप्पे टळतात. एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरिण. त्याचा केस आतून पोकळ असतो, म्हणून खळाळत्या पाण्यातही ती तरंगते. शिवाय ती ज्याची नक्कल करते तो कॅडिस हिमालयातल्या ओढ्या-नद्यांमध्ये भरपूर आहे. हिमाचलात तीर्थन नदीच्या काठावर उथळ पाण्यातला एखादा नारळाएवढा दगड उलटा करून पाहा. खालच्या बाजूला वाळूचे कण आणि काटक्या चिकटवून केलेल्या बारीक नळ्या दिसतील. प्रत्येक नळीत एक अळी असते. तिचाच पुढे चिमुकल्या पतंगासारखा, पाठीवर कौलारू छपरासारखे पंख मिटून बसणारा किडा होतो. फ्लायचं केसांचं छप्पर त्या पंखांचं असतं.

सामान

गरी ड्राय फ्लायसाठीची, बारीक तारेची, १४ नंबरची घ्या. नंबर वाढतो तशी गरी लहान होते, हे दुकानात विसरू नका. जाड तारेची गरी स्वतःच्याच वजनाने फ्लाय बुडवते. धागा ६/० (साधारण १४० डेनिअर), रंग फिका तपकिरी. ८/० चा धागा बारीक आणि देखणा दिसतो, पण केस आवळताना तो तुटतो. नवख्याने त्याच्या नादी लागू नये. याशिवाय सोनेरी किंवा तांब्याची अगदी बारीक तार, सशाच्या लोकरीचं किंवा तयार मिळणारं फिक्या तपकिरी रंगाचं डबिंग (म्हणजे धाग्याभोवती पिळायची सुटी लोकर), कोंबड्याच्या मानेचं तपकिरी पीस म्हणजे हॅकल, आणि एल्कच्या केसांचं छोटं पाकीट.

हॅकल निवडताना पीस गरीच्या दांडीभोवती वाकवून पाहा. उभे राहणारे तंतू गरीच्या पोटाच्या, म्हणजे दांडी आणि टोक यांच्यामधल्या अंतराच्या, दीडपटीहून लांब नकोत. सव्वापट सर्वांत चांगलं. तंतू ताठ हवेत: ओठावर टेकवले की टोचले पाहिजेत. मऊ तंतू पाणी पितात आणि लोळतात.

एल्कचे केस बाहेरून आलेले, पाकीटबंदच घ्या. सांबराचे किंवा चितळाचे केस चालतील का, असं बरेच जण विचारतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये हे प्राणी संरक्षित आहेत. रानात पडलेलं कातडं उचलणंही अंगाशी येईल. केस मिळालेच नाहीत तर पाण्यावर तरंगणारा पॉलीप्रॉपिलीनचा धागा पंखासाठी वापरा, फ्लाय थोडी कमी तरंगेल इतकंच.

हत्यारं: व्हाइस (गरी घट्ट धरून ठेवणारा शेगडा), बॉबिन (धाग्याची रीळ धरायची नळी), टोकदार लहान कात्री, हॅकलची पक्कड, केसांची टोकं जुळवायची नळी (हेअर स्टॅकर), सुई आणि पारदर्शक वार्निश. तारेसाठी कात्रीचं टोक वापरू नका, बुडखा वापरा. नाहीतर आठवड्याभरात टोक बोथट होतं.

बांधणी

गरीच्या टोकामागचा उलटा काटा चपट्या पकडीने हळूच दाबून सपाट करा. हे आत्ताच करायचं, फ्लाय झाल्यावर नाही, कारण दाबताना कधीकधी टोकच मोडतं आणि मग दहा मिनिटांची मेहनत जाते. गरी व्हाइसमध्ये बाकाला, म्हणजे तिच्या वळणाला, धरून बसवा, दांडी आडवी सरळ.

नेढ्याच्या मागे दोन मिलिमीटर जागा सोडून धागा सुरू करा. धाग्यावर धागा चढवत पाच-सहा वेढे घेतले की धाग्याचं सुटं टोक कापा आणि वेढ्याला वेढा लावत बाकापर्यंत मागे जा. पुढचे दोन मिलिमीटर आत्ता रिकामेच राहू द्या. नवख्यांच्या दहापैकी नऊ फ्लाय इथे बिघडतात: नेढ्यापर्यंत सगळं भरून टाकलं जातं, मग पंखाला जागा उरत नाही आणि नदीवर तंगूस ओवायला नेढंही सापडत नाही.

आता दहा-बारा सेंटिमीटर तार दांडीच्या बाजूला धरून बाकाशी बांधा आणि मागे लोंबती सोडा.

डबिंगची चिमूट इतकी कमी घ्या की बोटांत धरल्यावर पुरेल का, अशी शंका यावी. ती धाग्याभोवती एकाच दिशेने पिळून पाच सेंटिमीटरची बारीक वात करा. वातीची जाडी देवघरातल्या फुलवातीच्या टोकाएवढी. ती बाकापासून पुढे गुंडाळत न्या आणि सोडलेल्या जागेच्या मागे थांबवा. अंग सडपातळ, पुढे किंचित जाड. जाड अंग म्हणजे स्पंज: तिसऱ्या फेकीला फ्लाय पाण्याखाली जाईल.

हॅकलच्या बुडाचे पिसारलेले मऊ तंतू काढून देठ तीन मिलिमीटर उघडा करा आणि अंगाच्या पुढच्या टोकाला घट्ट बांधा. देठ उघडा न ठेवता बांधला तर पहिल्याच वेढ्यात तंतू वेडेवाकडे उभे राहतात. पिसाचं टोक पकडीत धरून ते पुढून मागे, मोकळ्या अंतराने, पाच-सहा वेढ्यांत बाकापर्यंत न्या. आता तार उचला. बाकाशी पिसाच्या टोकावरून तारेचे दोन घट्ट वेढे घ्या, म्हणजे टोक अडकेल. मग तीच तार मोकळ्या वेढ्यांनी मागून पुढे आणा. पीस पुढून मागे आलं आणि तार मागून पुढे गेली, म्हणून दोन्ही एकाच बाजूने फिरवली तरी तार प्रत्येक ठिकाणी देठाला छेद देऊन जाते आणि देठ जखडतो. माशाचे दात एका ठिकाणी देठ तोडतात तेव्हा सगळं पीस उलगडत नाही, ते या तारेमुळे. तार पुढे नेताना हात डावीकडे-उजवीकडे हलका डोलवत ठेवा. तंतू तारेखाली चिरडले जात नाहीत. पुढे आल्यावर धाग्याने तार बांधा, उरलेली वाकवत-वाकवत तोडा, पिसाचं टोक कापा.

आता केस. सगळ्या फ्लायमधली खरी कसोटी इथेच आहे, म्हणून घाई नको.

कातड्यालगत कापलेला केसांचा झुपका दाबून धरल्यावर आगकाडीएवढा जाड हवा, जास्त नको. त्याची टोकं एका हाताच्या चिमटीत घट्ट धरून बुडाकडून जुन्या टूथब्रशने किंवा बारीक कंगव्याने विंचरा. खालची लोकर आणि तुटके केस गळून पडतील. ते राहिले तर बाकीचे केस नळीत नीट सरकत नाहीत. टोकं खाली करून झुपका नळीत टाका आणि नळी टेबलावर आठ-दहा वेळा आपटा. नळी आडवी करून उघडली की सगळी टोकं एका रेषेत दिसली पाहिजेत.

झुपका गरीवर धरून मापा. टोकं गरीच्या बाकाच्या मागच्या कडेपर्यंत यावीत, फार तर केसभर त्यापलीकडे. पंख लांब झाला तर मासा पंख तोंडात धरतो आणि गरी बाहेर राहते. माप ठरलं की डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने झुपका दांडीच्या वर, रिकाम्या ठेवलेल्या जागेच्या मागच्या कडेवर, आवळून धरा. धाग्याचे दोन सैल वेढे घ्या, धागा खाली आणा आणि मग सरळ खाली ओढा. केस दबून दोन्हीकडे पंख्यासारखे उभे राहतील. बोटं अजून सोडू नका. त्याच जागी आणखी चार-पाच घट्ट वेढे घ्या आणि मगच हात काढा.

केस दांडीभोवती फिरून खाली गेले तर कारण दोनच: बोटं लवकर सुटली, किंवा खाली धाग्याचा पाया नव्हता आणि केस गुळगुळीत लोखंडावर घसरले. पाया पुढच्या टोकापर्यंत कमी पडत असेल तर केस ठेवण्याआधी तिथे धाग्याचे चार-पाच वेढे देऊन घ्या. धागा तुटला तर आधी गरीच्या टोकाकडे पाहा. बहुतेक वेळा धागा त्याला घासून आधीच कापलेला असतो. धागा ठीक असेल तर मग ताण जास्त होतोय. धागा किती ताण सोसतो हे कळण्यासाठी रिकाम्या गरीवर तो मुद्दाम दोन-तीनदा तोडून पाहा. पाच मिनिटांची ही सवय पुढे खूप धागा वाचवते.

केसांची बुडं वर उचलून धरा आणि त्यांच्यापुढे, नेढ्यामागे, धाग्याचे चार-पाच वेढे घेऊन व्हिप फिनिशच्या गाठीने बंद करा. व्हिप फिनिश जमत नसेल तर तीन अर्धगाठी एकामागून एक चालतील. मग बुडं एकत्र धरून नेढ्याच्या रेषेत कात्रीने एकदाच तिरपी कापा, दोन मिलिमीटरचा बुचडा मागे राहील असा. सुईच्या टोकावर वार्निशचा थेंब घेऊन गाठीला लावा आणि त्याच सुईने नेढं मोकळं करून घ्या.

पहिली फ्लाय झाली की पाण्याने भरलेल्या परातीवर हातभर उंचीवरून दहा वेळा टाका. सातएक वेळा तरी पंख वर करून बसली पाहिजे. एका कुशीवर कलंडत असेल तर हॅकल फार लांब आहे किंवा केस एकाच बाजूला जास्त आहेत. नाक खाली जात असेल तर केस फार झाले. फ्लाय फेकून देऊ नका. ब्लेडने सगळं उतरवून गरी परत वापरा. एका बसणीत सहा फ्लाय एकाच मापाच्या बांधा. हात सहाव्या फ्लायला शिकतो, पहिल्या फ्लायला नाही.

दोरी आणि रॉड

तीर्थनसारख्या नदीला ८ ते साडेआठ फुटांचा, ४ किंवा ५ वजनाचा (हा आकडा दोरीच्या वजनाचा क्रमांक असतो) रॉड पुरतो. दोरी त्याच वजनाची, तरंगणारी, पुढे जड होत जाणारी. तिच्यापुढे ९ फुटांचा निमुळता तंगूस म्हणजे लीडर. त्याच्या टोकाचा बारीक भाग म्हणजे टिपेट, तो ५एक्स. टिपेटचा आकडा ११ मधून वजा केला की जाडी इंचाच्या हजारांशात मिळते. ५एक्स म्हणजे सहा हजारांश, सुमारे ०.१५ मिलिमीटर. गरीच्या नंबराला तीनने भागलं की जवळपास योग्य टिपेट कळतो, १४ ला ५. जाड टिपेट फ्लायला हिंडू देत नाही, बारीक टिपेट फेकीत पीळ खातो. फ्लाय बांधायला सुधारित क्लिंच गाठ, आणि गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायचीच. कोरड्या तंगुसावर घर्षणाची उष्णता होते आणि नेमका मासा लागल्यावर तो तिथेच तुटतो.

फ्लोटंट (फ्लायला तरंगत ठेवणारं) जेल फ्लाय कोरडी असताना, पाण्यात जाण्याआधी लावा. मुगाच्या दाण्याएवढं घेऊन दोन बोटांत पसरवा आणि मग फ्लायला चोळा. थेट गोळा लावला तर तंतू चिकटून बसतात.

फेक मैदानावर शिका, गरीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. घड्याळाच्या काट्यांत सांगायचं तर रॉड पुढे १० वर थांबतो आणि मागे १ वर. 'थांबतो' हाच शब्द महत्त्वाचा. हात थांबल्यावरच दोरी पुढे उलगडते. मागे दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत वाट पाहा, मान वळवून बघितलं तरी हरकत नाही. चाबकासारखा फटका ऐकू आला तर घाई झाली, आणि त्यातच फ्लाय तुटून जाते. दोरी मागे जमिनीला लागत असेल तर मनगट मोडतंय. रॉडचा बुडखा बाहीत खोचून सराव केला की मनगट आपोआप ताठ राहतं. आठ मीटर नीट फेकता आलं की नदीवर जायला हरकत नाही. देवदाराच्या फांद्या मागे असतील तिथे मागे फेक नेताच येत नाही, तेव्हा रॉड हळू वर उचलून दोरीची कमान खांद्यामागे येऊ द्यायची आणि पुढे झटका द्यायचा. तो रोल कास्ट.

नदीवर

कुलूच्या खोऱ्यात ब्राउन ट्राउट इंग्रजांच्या काळात, १९०९ च्या सुमारास आणला गेला, रेनबो ट्राउट त्याच्यानंतर आला. स्नो ट्राउट मात्र नावालाच ट्राउट आहे, तो रोहूच्या कुळातला हिमालयाचा मूळ रहिवासी. ट्राउटसाठी हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते. मासा किती लांबीचा आणि किती ठेवता येतो ते परवाना घेतानाच विचारून घ्या. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्याने जुलै-ऑगस्ट टाळावा: पाणी गढूळ असतं, मासा वर पाहतच नाही. मार्चअखेर ते मे आणि मग सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर, पाणी निवळ असताना. उन्हाळ्यात दुपारनंतर बर्फ वितळून पाणी चढतं, तेव्हा सकाळी ओलांडलेली वाट संध्याकाळी तशीच असेल असं धरून चालू नका. गुडघ्यावर पाणी आलं की मागे फिरा.

ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगाने, वाकून जा. मोठ्या दगडाच्या पुढची उशीसारखी शांत जागा, दगडामागचा खळगा, आणि वेगवान व संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं ती फेसाची रेघ: मासा या तीन ठिकाणी असतो. त्याला तिथे कमी ताकद लागते आणि खाणं शेजारून वाहत जातं.

फेक तिरपी, वरच्या अंगाला, सहा ते आठ मीटर. फ्लाय माशाच्या हातभर वरच्या अंगाला पडू दे. आता फ्लायकडे डोळे बारीक करून बघा. तिच्यामागे पाण्यावर बारीकशी, इंग्रजी व्हीच्या आकाराची लाट उठली तर दोरी तिला ओढते आहे. याला ड्रॅग म्हणतात. खरा किडा प्रवाहाला आडवा पळत नाही, आणि मासा हे माणसापेक्षा चांगलं जाणतो. तो वर येतो, फ्लायपाशी थबकतो आणि मागे वळतो. नवखा लगेच फ्लाय बदलतो. आधी ड्रॅग घालवा, फ्लाय नंतर बदला.

ड्रॅग होतो कारण तुमच्या आणि फ्लायच्या मधलं पाणी वेगळ्या वेगाचं असतं. मधलं पाणी वेगवान असेल तर फ्लाय पडताक्षणी रॉडच्या टोकाने दोरीचा मधला भाग उचलून वरच्या बाजूला टाका. फ्लायच जास्त वेगात असेल तर खालच्या बाजूला. ओढ्यात सर्वांत सोपा उपाय म्हणजे एक पाऊल जवळ जाणं आणि रॉड उंच धरून मधली सगळी दोरी पाण्याबाहेर ठेवणं. फक्त लीडर पाण्यावर असेल तर ओढायला काही उरत नाही. फेक पुढे जात असताना रॉडचं टोक आडवं दोन-तीनदा हलवलं तर दोरी नागमोडी पडते आणि ती सरळ होईपर्यंत फ्लायला दोन-तीन सेकंद मोकळीक मिळते. मासा खायला तेवढा वेळ बास. फ्लाय तुमच्याकडे वाहत येते तशी सैल दोरी डाव्या हाताने ओढून घेत राहा, पण फ्लाय हलू न देता.

याला एक अपवाद आहे. संध्याकाळी अंडी घालायला आलेले कॅडिस पाण्यावर फडफडत पळतात. अशा वेळी फ्लाय वाहत येताना एकदाच, दोन-तीन सेंटिमीटर, टिचकीसारखी हलवली तर मासा झडप घालतो. एकदाच, सतत हलवलं की तो ड्रॅगच होतो.

मासा फ्लाय घेतो तेव्हा झटका देऊ नका. ५एक्स तुटतो. रॉड मनगटाऐवजी कोपरातून वर उचला, एवढंच. खळाळत्या पाण्यात लगेच, संथ डोहात मात्र माशाचं तोंड पाण्याखाली जाऊ दे आणि मग. पाणी ७-८ अंशांहून थंड असेल तर मासा वर येण्याची शक्यता फार कमी; पाण्याखालून जाणारी फ्लाय, म्हणजे निम्फ, बांधा किंवा ऊन चढेपर्यंत थांबा.

मासा सोडणार असाल तर हात आधी पाण्यात बुडवा. कोरडा हात त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून नेतो. त्याला पाण्यातच ठेवून फ्लाय पकडीने काढा. काटा दाबलेला असल्याने ती सहज सुटते. मग तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरा आणि शेपटीचा जोर हाताला जाणवला की सोडा.

माशाने चावलेली फ्लाय बुळबुळीत होते आणि लगेच बुडते. ती धुवा, सदऱ्याच्या टोकात दाबून पाणी काढा, सुकवायच्या पुडीत घालून हलवा, फुंकर मारा. त्यावर पुन्हा जेल लावायचं नाही, ओल्या केसांवर ते पाणी आतच कोंडतं. मासा नसताना बुडू लागली तर हवेतल्या तीन-चार कोऱ्या फेका पुरतात. मुक्कामावर परतलात की डबी रात्रभर उघडी ठेवा. बंद डबीत ओल्या फ्लायच्या गरीला गंज चढतो, तो आधी नेढ्याच्या आतल्या कडेला लागतो, आणि पुढच्या वेळी टिपेट तिथेच कापला जातो.